याप्य : एका विस्मृत संज्ञेचा इतिहास आणि दमेकऱ्याचे औषध

१

दमेकरी आपले औषध नियमाने का घेत नाही, हा प्रश्न मुळात वैद्यकाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, याचा खुलासा प्रारंभीच केला पाहिजे. रोगी औषध घेतो किंवा सोडतो तो शरीराला काय वाटते यावरून. पण शरीराला जे वाटते त्याला तो नाव देतो आपल्या भाषेतून. आजाराचे नाव, बरे होण्याचे नाव आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेचे नाव, ही तीन नावे त्याच्या बोलीत कोणती आहेत, यावर त्याचा निर्णय पुष्कळसा अवलंबून असतो. या तिसऱ्या नावाचा इतिहास पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रश्न किती गंभीर आहे हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दीर्घकालीन उपचारांच्या पालनाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. संपन्न देशांतही असे उपचार सरासरीने निम्मेच रुग्ण पाळतात आणि इतर देशांत हे प्रमाण त्याहून कमी असते, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४० लक्ष रुग्ण आहेत. जगातील एकूण दमेकऱ्यांत हा वाटा सुमारे १३ टक्के भरतो; परंतु जगात दम्याने जे मृत्यू होतात त्यांत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. ज्या रोगावर परिणामकारक औषध गेली पन्नास वर्षे उपलब्ध आहे, त्याची ही स्थिती होय.

या विसंगतीचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, रुग्ण अडाणी, विसराळू अथवा आळशी असतो. हे स्पष्टीकरण टिकणारे नाही. ज्या माणसाला रोज सकाळी औषधाचे दोन झुरके घेण्याची आठवण राहत नाही, त्यालाच एकादशी, चातुर्मास आणि गुरुवारचा उपास वर्षानुवर्षे अचूक आठवतो. तेव्हा दोष स्मरणशक्तीचा नव्हे. नियम पाळण्याची शक्ती आपल्या समाजात भरपूर आहे; ती या विशिष्ट नियमाकडे का वळत नाही, एवढाच प्रश्न उरतो.

२

प्रथम रोगाच्या नावाचा विचार करू. 'दमा' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास, आणि त्यावरून श्वासाचा विकार तो 'दमा'. संस्कृत वैद्यकात याच रोगसमूहाला 'श्वास' हेच नाव आहे. ग्रीक भाषेतील ज्या शब्दावरून युरोपीय भाषांतील या रोगाचे नाव आले, त्याचाही मूळ अर्थ धापणे असाच आहे. तीन निरनिराळ्या भाषांनी एकच गोष्ट केली : रोगाला त्याच्या झटक्यावरून नाव दिले. निरोगी माणसाला आपला श्वास जाणवत नाही. तो जाणवू लागला की रोग आला, आणि जाणवेनासा झाला की रोग गेला, असा अर्थ या नामकरणातच दडलेला आहे.

आधुनिक वैद्यकाचे म्हणणे याहून वेगळे आहे. त्याच्या मते दमा म्हणजे श्वासनलिकांच्या अस्तराचा दीर्घकालीन दाह. धाप हे त्याचे केवळ मधूनमधून दिसणारे रूप. झटका नसतानाही सूज असते, आणि नित्याचे औषध या न दिसणाऱ्या सुजेसाठी असते. याचा अर्थ असा की, डॉक्टर 'दमा' म्हणतो तेव्हा त्याला एक अखंड अवस्था अभिप्रेत असते, तर रुग्ण 'दमा' म्हणतो तेव्हा त्याला एक घटना अभिप्रेत असते. 'यंदा दमा उठला नाही' हे वाक्य रुग्णाच्या व्याकरणात सर्वस्वी निर्दोष आहे. जो उठलाच नाही त्यासाठी औषध कशाला, हा पुढचा प्रश्नही मग तितकाच तर्कशुद्ध ठरतो.

३

येथे एक आक्षेप येईल की, प्राचीनांना अखंड अवस्थेची कल्पना नव्हती म्हणून त्यांनी असे नाव दिले. वस्तुस्थिती तशी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. रुग्णाला आडवे पडवत नाही, बसल्याने आराम वाटतो, उष्ण पदार्थ हवेसे वाटतात. ढगाळ हवा, पाणी, थंडी आणि पूर्वेकडचा वारा यांनी त्रास वाढतो. हे वर्णन करून चरक म्हणतो की, तमकश्वास हा याप्य आहे. नुकताच उद्भवलेला असेल तर मात्र साध्य होऊ शकतो.

'याप्य' ही संज्ञाच आपल्या विषयाचा गाभा होय. 'या' म्हणजे जाणे. त्याच्या प्रयोजक रूपावरून 'यापन', म्हणजे चालवीत नेणे, निभावणे. आणि ज्याला असे निभावीत न्यावे लागते तो रोग याप्य. चरकाच्या सूत्रस्थानात रोगांचे साध्य व असाध्य असे दोन मुख्य भाग केले असून असाध्याचे पुन्हा दोन पोटभाग आहेत : याप्य, आणि ज्याची चिकित्सा नाकारावी तो प्रत्याख्येय. सुश्रुताने याप्याचे लक्षण अधिक स्पष्ट केले आहे. उपचार चालू असेपर्यंत जो रोगी तग धरतो आणि उपचार थांबताच कोसळतो, त्याचा रोग याप्य. यासाठी त्याने दिलेला दृष्टांत घराचा आहे : पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा तोलून धरतो, तसा उपचार या रोग्याला तोलून धरतो.

या दृष्टांताचे मोल बारकाईने पाहिले पाहिजे. टेकूमुळे घर नवे होत नाही. पण घरात राहता येते, मुलांची लग्ने करता येतात, पुढच्या पिढीला ते घर देता येते. आणि घर पडत नाही हे पाहून टेकू काढण्याचा विचार कोणीही शहाणा गृहस्थ करीत नाही, कारण घर उभे असणे हीच टेकूची साक्ष असते. दम्याच्या नित्य औषधाचे याहून नेमके वर्णन आजच्या कोणत्याही माहितीपत्रकात सापडणे कठीण.

४

ही संज्ञा मराठीत उतरली नाही. तिला पोहोचण्याची संधी नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच्याच आश्रयातील बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा पुत्र. परंपरेनुसार त्याचे गाव वरदेच्या, म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या, काठी होते. 'मुग्धबोध' हे व्याकरण रचणाऱ्या या पंडिताने वैद्यकावर 'शतश्लोकी'ही रचली. व्याकरण आणि वैद्यक ही दोन शास्त्रे एकाच विदर्भपुत्राच्या ठायी नांदत होती, ही गोष्ट आमच्यासारख्यांना अभिमानाची आहे. परंतु हे सर्व लेखन संस्कृतात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गणेश कृष्ण गर्दे यांचा 'सार्थ वाग्भट', शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' असे ग्रंथ मराठीत आले. तोवर बोलीतील शब्दव्यवस्था पक्की होऊन गेली होती.

ती व्यवस्था द्विदल आहे. मराठीत 'साध्य' आला तो ध्येय या अर्थाने. 'असाध्य' आला तो निराशेच्या अर्थाने. या दोहोंमधला 'याप्य' गळाला. 'यापन' हा शब्द आज प्रामुख्याने 'कालयापन' या समासात उरला आहे, आणि तेथे त्याचा अर्थ वेळ दवडणे असा हीन झाला आहे. या घसरणीचे बीज संस्कृतातही आहे : अमरकोशाने 'याप्य' हा शब्द अधम, निकृष्ट यांच्या पंक्तीत बसविला आहे. शिवाय असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याची विद्या, यश आणि धन यांची हानी होते, असा इशारा चरकानेच दिलेला आहे. ज्या शब्दाने वैद्याची कीर्ती वाढत नाही आणि रोग्याची आशाही फुलत नाही, तो उच्चारण्यात कोणाला गोडी वाटणार?

त्याच्या जागी बोलीने जे शब्द योजले ते सर्व प्रवासाच्या शेवटाकडे बोट दाखविणारे आहेत. औषध 'लागू पडते', आजाराला 'उतार' पडतो, रोग्याला 'गुण येतो' आणि अखेर तो 'बरा होतो'. इंग्रजीतून आलेला 'कोर्स' हा शब्दही याच मालिकेत सहज सामावला, कारण कोर्स म्हटला की तो पूर्ण व्हायचाच. या क्रियापदांपैकी एकही क्रिया चालूच राहणारी नाही. गुण येणे ही औषधाची फलश्रुती असल्यामुळे, गुण आल्यावर औषध घेत राहणे हे या भाषेत जवळजवळ व्याकरणदुष्ट ठरते.

५

आता विसाव्या शतकाकडे येऊ. रुग्ण औषध घेतो की नाही, याचा शास्त्रीय शोध ज्या ठिकाणी प्रथम कसोशीने झाला त्यांत आपल्या देशाचे स्थान मोठे आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोगाच्या औषधोपचाराचे केंद्र स्थापन झाले. आरोग्यधामात ठेवलेले रुग्ण आणि घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण यांची तुलना तेथे करण्यात आली, आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी घरचा उपचारही जवळजवळ तितकाच गुणकारी असल्याचे दाखविले. केंद्राचे प्रमुख वॉलेस फॉक्स यांना तेव्हाच जाणवले होते की, घरच्या उपचारातील खरी अडचण औषधाची नसून ते नियमाने घेण्याची आहे. म्हणून अचानक घरी जाऊन गोळ्या मोजणे, लघवीची तपासणी करणे असे उपाय योजले गेले. पुढे देखरेखीखाली औषध देण्याची जी पद्धत जगभर पसरली, तिचे एक मूळ येथे आहे.

त्याच १९५६ साली अमेरिकेत दाबाने ठरावीक मात्रा सोडणारा, खिशात मावणारा श्वसनयंत्राचा डबा बाजारात आला. औषध केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे का मिळू नये, असे कंपनीच्या अध्यक्षांच्या दमेकरी मुलीने विचारले आणि त्यातून हा शोध लागला, अशी त्याची कथा सांगतात. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आणि १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड आले. पहिले औषध आवळलेल्या नलिका मिनिटांत मोकळ्या करते. दुसरे सूज हळूहळू कमी करते आणि घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. १९७० च्या दशकातच मुंबईच्या सिप्ला कंपनीने असे डबे भारतात आणले.

मराठीने या दोन्ही डब्यांना एकच नाव दिले : 'पंप'. ही घटना भाषिक दृष्ट्या क्षुल्लक नाही. पंप म्हणजे हवा भरण्याचे साधन. हवा कमी पडली की तो वापरायचा. झटक्याच्या डब्याला हे नाव चपखल बसते, पण नित्याच्या डब्याला ते पूर्णपणे चुकीचे आहे. दोन्ही पंप असतील, एकाने तत्काळ आराम पडत असेल आणि दुसऱ्याने काहीच होत नसेल, तर दुसरा पंप वाईट आहे असाच निष्कर्ष रुग्ण काढील. आणि तो काढतो. शिवाय 'त्याला पंप लागला' या वाक्यात 'लागणे' हे क्रियापद व्यसनाच्या आणि अखेरच्या अवस्थेच्या दोन्ही छटा घेऊन येते. 'दमा दम के साथ' ही नागपुरात सर्रास ऐकू येणारी हिंदी म्हण त्या छटेवर शिक्कामोर्तब करते. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात पंप लपविला जातो तो या भाषेमुळे.

पाश्चात्त्य वैद्यकालाही आपली भाषा बदलावी लागली आहे. १९७० च्या दशकात या विषयासाठी 'कंप्लायन्स' हा शब्द रूढ झाला. त्याचा अर्थ आज्ञापालन. पुढे 'ॲडहिअरन्स', म्हणजे धरून राहणे, हा सौम्य शब्द आला. १९९७ मध्ये ब्रिटनमधील औषधशास्त्रज्ञांनी 'कॉन्कॉर्डन्स', म्हणजे वैद्य व रुग्ण यांची एकवाक्यता, हा शब्द पुढे केला. हा प्रवास आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वाग्भटाने चांगल्या रोग्याच्या गुणांत 'भिषग्वश्य', म्हणजे वैद्याच्या आज्ञेत असणारा, हा गुण सांगितला. चरकाने मात्र स्मृती, सांगितल्याप्रमाणे वागणे आणि निर्भयता यांच्या जोडीला 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्या आजाराची खरी हकीकत सांगता येणे, हा गुण ठेवला. जेथे रुग्ण औषध सोडल्याचे वैद्याला सांगू शकत नाही, तेथे उणीव या चौथ्या गुणाची असते. आणि तो गुण एकट्या रोग्याच्या हातात नसतो. ऐकणारा कसा ऐकतो यावर तो अवलंबून असतो.

६

रुग्ण नियम पाळू शकतो याचा पुरावा शोधावयाचा तर आपल्याच प्रदेशात तो आहे. विदर्भात आणि मध्य प्रदेशात कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा आहे. रुग्ण दुरून येतात, जागरण करतात आणि सांगितलेले पथ्य पाळतात. जून महिन्यात मृगाच्या सुमारास हैदराबादेला बथिनी कुटुंबाकडून जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात पिवळे औषध घालून ते गिळावयास देतात. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे ते कुटुंब सांगते. औषध विनामूल्य असते, पंचेचाळीस दिवसांचे पथ्य असते आणि लागोपाठ तीन वर्षे यावे लागते. महाराष्ट्रातूनही पुष्कळ रुग्ण तेथे जातात. या उपचारांनी दमा बरा होतो असे कोणत्याही शास्त्रीय कसोटीने सिद्ध झालेले नाही. हैदराबादच्या प्रकरणी तर वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि त्या औषधाचे तेलुगू नाव 'चेप मंदू' म्हणजे माशाचे औषध, हे मागे पडून 'चेप प्रसादम्' हे नाव पुढे आले. औषधाचा दावा सोडला तरी गर्दी ओसरली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या विधींत असे काय आहे जे रोजच्या डब्यात नाही? त्यांना तिथी आहे, सोबत आहे, ते चारचौघांत उजळ माथ्याने करावयाचे आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांना शेवट आहे. पंचेचाळीस दिवस किंवा तीन वर्षे ही मुदत कितीही कठीण असली तरी ती सरते, आणि सरल्यावर 'बरा' हा शब्द मिळण्याची आशा असते. नित्य औषधापाशी हे काही नाही. ते एकट्याने, बहुधा लपून घ्यावयाचे, आणि त्याला मुदत नाही. क्षयरोगाचा नमुना दम्याला लागू पडत नाही तो याचमुळे : क्षयाचे औषध महिन्यांत संपते, दम्याचे संपत नाही.

७

हा विषय प्रस्तुत लेखकास केवळ कोशांतून सुचलेला नाही, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. लेखकाचे वडील दमेकरी होते. शिक्षकाच्या पेशातील, घड्याळ लावून जगणारे ते गृहस्थ. कोणी प्रकृती विचारली की ते समाधानाने सांगत, "आता बरं आहे, पंप बंद केला." बरे आहे म्हणून पंप बंद केला की पंप बंद केला म्हणून बरे आहे, हा भेद त्या वाक्यात नव्हता, आणि अनेक वर्षे तो आम्हा घरच्यांच्याही ध्यानात आला नाही. औषध बंद असणे हेच त्यांच्या दृष्टीने आरोग्याचे लक्षण होते. दर पावसाळ्यात त्या वाक्याची किंमत ते रात्र रात्र उशीला टेकून बसून चुकती करीत. भाषाशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलाने त्या वाक्यातील दोष वेळेवर ओळखला नाही, ही खंत या लेखामागे आहे.

अर्थात सारा भार भाषेवर टाकणे योग्य नव्हे. औषधाची किंमत, दवाखान्यातील काही मिनिटांची भेट, डबा नीट ओढण्याचे कौशल्य कोणी न शिकविणे, स्टेरॉइड या शब्दाची भीती, ही कारणे खरी आहेत आणि ती शब्दांनी दूर होणार नाहीत. परंतु औषध फुकट मिळाले आणि ओढण्याची रीतही कळली, तरी ते बरे वाटत असताना का घ्यावयाचे, याचे उत्तर रुग्णाला स्वतःच्या भाषेत मिळालेच पाहिजे.

या संदर्भात अलीकडील एक बदल महत्त्वाचा वाटतो. दम्याच्या उपचाराविषयी मार्गदर्शन करणाऱ्या जागतिक उपक्रमाने २०१९ मध्ये आपली जुनी शिफारस बदलली. प्रौढ व किशोरवयीन रुग्णांनी केवळ तत्काळ आराम देणाऱ्या औषधावर राहू नये. त्रास होईल तेव्हा घ्यावयाच्या डब्यातच सूज कमी करणारे औषध जोडलेले असावे, असा पर्याय पुढे आला. रुग्ण त्रास झाल्यावरच डबा उचलतो, हे वैद्यकाने मान्य केले आणि उपचार त्याच्या वाटेवर आणून ठेवला. येथे चरकाने केलेली पथ्याची व्याख्या आठवते : जे शरीराच्या मार्गापासून ढळत नाही आणि मनालाही प्रिय असते ते पथ्य. मराठीत पथ्य म्हणजे केवळ वर्ज्यांची यादी उरली. व्याख्येतील मन गळाले, जसा वर्गीकरणातील याप्य गळाला.

जुना शब्द जसाच्या तसा परत आणावा, असा आग्रह नाही. 'याप्य' आज कोणाला कळणार नाही, आणि कळला तर असाध्याची सावली घेऊन येईल. पण त्यामागची कल्पना मराठीत सांगण्यास कोणताही अडथळा नाही, कारण टेकू काय असतो हे मातीच्या घरांच्या या प्रदेशात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. दोन डब्यांना दोन निराळी मराठी नावे द्यावीत, 'बरे आहे ते औषधामुळे आहे' हे वाक्य दवाखान्यात पुनःपुन्हा उच्चारले जावे, आणि औषध सोडल्याचे सांगणाऱ्या रोग्यावर कोणी डाफरू नये, इतके झाले तरी पुष्कळ होईल. फारसीतील ज्या 'दम' शब्दावरून या रोगाला नाव मिळाले, त्याच शब्दावरून मराठीने 'दम धरणे' हा वाक्प्रचार घडविला. दमेकऱ्याला आपण आजवर दम धरावयास सांगत आलो. तो कशाच्या आधाराने धरावयाचा, हे मात्र सांगावयाचे राहून गेले.